अकरा विहिरी, दहा दोर

लोहा, ४ एप्रिल २०००

चि. वर्षाराणी,

लातुरात देवळांपेक्षा क्लास जास्त झालेत असं ऐकते. तरी तिथं जो कोणी देव जागा धरून बसला असेल तो तुला सांभाळो. आम्ही सगळे ठीक. तुझा बाप भुजंग उन्हानं तापलाय अन् तुझी माय तारामती तुझ्या बापानं.

पत्र लोह्याच्या अख्तरीच्याच हातचं. बाजाराच्या दिवशी मी तिच्या शिलाई मशीनपाशी बसते. मी बोलते, ती पाय थांबवून लिहिते. माझं बोलणं ती शाळेच्या पाण्यात धुऊन काढते, म्हणून पत्रात मी तुला जरा शहाणी वाटते. घरी आल्यावर फसशील.

उन्हाळ्यात येणार नाहीस हे कळलं. सुट्टीत सुट्टी न देता शिकवतात त्याला सुट्टीची बॅच म्हणतात, हे अख्तरीनं मला दोनदा समजावलं. उद्या उपाशी ठेवून त्याला जेवणाची बॅच म्हणतील अन् तुम्ही पोरी रांग लावाल.

आता कामाचं. आपल्या बोरजाईच्या शिवेवर कोळशाच्या विजेचा कारखाना येऊन राहिलाय. पंचायतीच्या दारावर नोटीस लागली आहे. २२ मेला नांदेडला जनसुनावणी, ज्याला जे म्हणायचं त्यानं तिथं येऊन म्हणावं. गाव खूश आहे. सरपंच किशनराव तर असा चालतो जणू तारा त्याच्याच अंगातून जाणार आहेत. मलाही राग नाही. आपल्याकडं लाईट पाहुण्यासारखी येते, चहा होईस्तोवर बसत नाही.

फक्त एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. कोळसा जाळला की राख होणार. ती राख पाण्यात कालवून एका तळ्यात सोडणार म्हणे, शंभर एकराच्या. ते तळं कुठं, हे कोणी सांगत नाही. कंपनीनं गावाला एक चौसष्ट पानांचं पुस्तक दिलंय, किशनराव ते उशाखाली घेऊन झोपतो. भुजंगनं मागून आणलं. अख्तरीनं दहा पानं वाचली अन् म्हणाली, "मावशी, हे मराठी दिसतंय, पण मराठी न्हाई." म्हणून तुला पाठवते. तू बारावीला चाललीस, तुला कळायला पाहिजे. नाही कळलं तर क्लास बदल.

तुझी आजी
नीलाबाई

---

लातूर, ११ एप्रिल

ती. आजी,

तुझ्या पायावर डोकं, आणि अख्तरीमावशींना आदाब. पुस्तक मिळालं. कळलं. क्लास बदलावा लागणार नाही.

आधी माझं मत सांगते, कारण तू मला ते विचारलंच नाहीस. मी प्रकल्पाच्या बाजूनं आहे. आमचा क्लास एका मंगल कार्यालयात भरतो. चारशे मुलं, वर पत्रा. लाईट गेली की जनरेटर लावतात आणि त्याच्या आवाजात सर फळ्यावर ओरडतात. रोज पेपरात हाच वाद आहे. सरकार म्हणतं राज्याला नवीन वीजकेंद्रं हवीत. विरोधक म्हणतात आधी तारांतली गळती थांबवा, चोरी थांबवा, मग नवीन बांधा. आमचे फिजिक्सचे सर म्हणतात दोन्ही खरं आहे, पण गळती थांबेपर्यंत तुम्ही म्हातारे व्हाल. मला ते पटतं. वीज कुठंतरी तयार व्हायलाच हवी. प्रत्येक गाव "आमच्याकडे नको" म्हणालं तर ती काय आकाशात तयार होणार?

हे सगळं मी पान ४० पर्यंत मनात म्हणत होते. पान ४१ वर राखेच्या तळ्याचा नकाशा आहे.

आजी, ते तळं आपल्या कवठीच्या ओढ्यावर आहे. ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा, किशनरावकाकांच्या मळ्यापासून आपल्या हळदीच्या रानापर्यंत. कारण काय दिलंय ते जसंच्या तसं लिहिते: "सदर पट्ट्यात एकही जिवंत विहीर आढळत नाही. जमीन पडीक व कोरडवाहू आहे. मे १९९९ मध्ये प्रत्यक्ष पाहणी करून व ग्रामस्थांकडून माहिती घेऊन याची खात्री करण्यात आली."

एकही नाही. मी पोहायला शिकले ती विहीर नाही. हे सरळ सरळ खोटं आहे. कंपनीनं एअरकंडिशनमध्ये बसून लिहिलंय. मी पेपरला पत्र लिहिणार आहे. तू मला सगळ्या विहिरींची नावं पाठव, आणि पाहणी करायला खरंच कोणी आलं होतं का तेही सांग.

तुझी
वर्षा

---

लोहा, १८ एप्रिल

चि. वर्षाराणी,

पत्र अख्तरीनं वाचून दाखवलं. मग पुन्हा वाचायला लावलं. तुझं अक्षर सुधारलंय असं ती म्हणते.

विहिरी अकरा. वरून सुरुवात कर: किशनरावाची नवी, जी चाळीस वर्षांची आहे पण अजून नवीच. मग जोडविहीर, मोटेची, आपली कवठीची. साहेबरावाच्या दोन, एक गोडी अन् एक पिसाट. तेल्याची, बामणाची, हौदाची, पांदीची अन् शेवटी सटवाईची. सगळ्या एकाच झऱ्याच्या लेकी. एकीला ताप आला की दुसरी कण्हते.

पाहणीचं म्हणशील तर उन्हाळ्यात लई जण येतात. कोणी जनावरं मोजतं, कोणी लेकरांना डोस पाजतं. कोण कशाला आलं होतं हे माझ्या ध्यानात कसं राहणार. उन्हात माणूस काय बोलतो, ऐकणारा काय लिहितो.

पेपरला मात्र लिहू नकोस. आपल्या घराचं नाव पेपरात लग्नाला यावं नाहीतर मेल्यावर. तू अभ्यास कर. गावचं गाव बघून घेईल.

इकडं तारामतीनं कुरडया घातल्या. तुझ्या वाटणीच्या डब्यात ठेवल्यात. साहेबरावाच्या बैलानं किशनरावाचं धोतर वाळत असताना खाल्लं, अर्धं. बाकीचं अर्धं घेऊन तो साहेबरावाच्या दारात उभा होता. अशानं दिवस बरे जातात.

तुझी आजी
नीलाबाई

---

लातूर, २४ एप्रिल

ती. आजी,

पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टं असतात. बारीक अक्षरात. मी काल ती वाचली. पेपरला लिहिण्याआधी सगळं वाचावं असं सर म्हणाले होते.

परिशिष्ट चार. "माहिती देणाऱ्या ग्रामस्थांची यादी." नऊ नावं आहेत. पहिलं नाव तुझं आहे. नीलाबाई, वय ७०, व्यवसाय शेती. शेरा: "पट्ट्यात विहिरींना पाणी नाही, शेती होत नाही." पुढं अंगठा.

तुझ्या अंगठ्यावरची विळ्याची आडवी खूण छापण्यातसुद्धा दिसते आहे.

कुरडया पाठवू नकोस.

वर्षा

---

लोहा, २ मे

वर्षे,

मागचं पत्र अख्तरीनं वाचलं अन् मशीनवर डोकं टेकून बसली. मी म्हटलं, तू कशाला रडतेस, अंगठा माझा आहे. आता सांगते. ती जशास तसं लिहील अशी कबूल झाली आहे, धुणार नाही.

गेल्या मेमध्ये एक पोरगेला माणूस आला. पँट, टोपी, हातात पाटी लावलेले कागद. मी आपल्या रानातल्या कवठाखाली बसलेली. त्यानं विचारलं, "मावशी, इकडं विहिरींना पाणी आहे का?" आता तूच सांग, मे महिन्यात कागदवाला माणूस येऊन पाण्याचं विचारतो, तो कोण असणार? मला वाटलं टंचाईवाला. पाणी आहे म्हटलं की टँकर बंद, टंचाईच्या यादीतून गावाचं नाव कट. मी पदर डोळ्याला लावला. म्हटलं, "कुठलं पाणी बाबा, चिमण्या मरून पडून राहिल्यात." मागून साहेबराव आला, त्यानं तर मेलेल्या गाई मोजल्या. त्याच्याकडं गाय कधी नव्हतीच. नऊ जणांनी नऊ रडणी रडली. किशनरावानं टँकरच्या अर्जावर आधीच सही केली होती, तो लांबूनच मान हलवत होता.

अन् सगळ्यात वाईट ऐक. तो माणूस उन्हानं लाल झाला होता. मी त्याला आपल्या विहिरीचं पाणी दिलं, दोन तांबे. गार पाणी पिऊन, तोंड पुसून त्यानं लिहिलं, पाणी नाही. मी अंगठा दिला. त्याला हसू आलं नाही, मला पण नाही.

ही सवय भूकंपापासूनची. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस. किल्लारीकडं अख्खी गावं मातीत गेली. आपल्याकडं उतरंडी कोसळल्या, भिंती तडकल्या, माणूस गेलं नाही. पुढं घरदुरुस्तीचे सर्व्हेवाले आले तेव्हा मी त्यांना चुलीमागची भेग दाखवली. ती भेग मी नवरी होऊन आले तेव्हापासून आहे. तिकडं लोकांनी लेकरं पुरली अन् मी इकडं लग्नापासूनची भेग दाखवून दुरुस्तीचं सरकारी लोखंड घेतलं. आजवर हे कोणाला बोलले नव्हते. पण तेव्हापासून गावाला वळण लागलं, वहीवाला दिसला की रडायचं. कोणती वही हे विचारायचं नाही.

म्हणून कंपनीनं खोटं लिहिलं नाही. आम्ही सांगितलं ते लिहिलं.

किशनरावाला म्हटलं, सुनावणीत जाऊन खरं सांगू. तो म्हणाला, "काकू, येडी झालीस का? पाणी हाय म्हटलं की टँकर गेला, अर्जावर माझी सही. मला फोडतील." म्हटलं, विहिरीच गेल्यावर टँकर कशात ओतशील? तो उठून गेला. बाकीचे म्हणतात, आता कोण ऐकणार, तोंड तेच. तोंडानं एकदा नाही म्हटलं, आता हाव म्हणून राहिलं, साहेब कोणतं धरणार?

हेच मी तुला विचारते. माझ्या तोंडाला आता कोण मानणार? तुझ्या पुस्तकात काही असेल तर बघ. नसेल तर राहू दे, शिवी दिलीस तरी चालेल, पण पत्र लिही.

नीलाबाई

ता. क. मावशीनं सांगितलं तसंच लिहिलंय, एक शब्द इकडचा तिकडं नाही. अख्तरी.

---

लातूर, ७ मे

ती. आजी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी क्लासला गेले नाही. भेगेचं पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या खोलीत उजमा राहते, औशाकडची, भूकंपात त्यांचं घर गेलं. तिला मी ते वाचून दाखवलं. तू रागावू नकोस, मला कोणालातरी सांगायचंच होतं. ती ऐकून म्हणाली, "आमच्याकडं उलटं झालं. नवीन गाव कुठं बसवायचं हे विचारायला आले तेव्हा मोठ्यांनी सगळ्यालाच हाव म्हणून टाकलं. आज गावापासून पाणी तीन किलोमीटर आहे. तुझ्या आजीला म्हणावं, जा आणि बोल."

म्हणून आता राग बाजूला ठेवून मुद्द्याचं लिहिते.

एक. सुनावणीत कोणीही बोलू शकतं. वकील लागत नाही, लिहिता यावं लागत नाही. तोंडी म्हणणंही नोंदवावं लागतं, आणि आधीचं म्हणणं बदलता येतं.

दोन. तोंडावर विश्वास नसेल तर तोंड नेऊ नकोस, वस्तू ने. आपल्या विहिरीत मोटारीच्या पाइपच्या खालच्या टोकाचा व्हॉल्व्ह, ज्याला सगळे फुटबॉल म्हणतात, तो बांधलेला दोर असतो ना, वर्षानुवर्षं तसाच लोंबणारा? फारूकचाचा मोटार दुरुस्तीला येतात तेव्हा तो ओढून काढतात. त्याचा खालचा भाग हिरवा, बुळबुळीत असतो. ते शेवाळ. शेवाळ ही वनस्पती आहे, आजी. पाणी आणि उजेड दोन्ही लागतात, आणि वाढायला महिने लागतात. विहिरीत एका दिवसात टँकर रिकामा करता येईल, पण दोरावर शेवाळ आणता येणार नाही. मे महिन्यात जिथपर्यंत दोर ओला हिरवा, तिथपर्यंत मे महिन्यातलं पाणी. त्याच्या वरचा काळा वाळलेला पट्टा म्हणजे हिवाळ्यातलं पाणी. हे मला बायोलॉजीच्या मॅडमनी सांगितलं, मी तुझं नाव न घेता विचारलं.

तीन. नुसतं "इथं नको" म्हणू नकोस. तळं कुठं हवं तेही सांग. जागा मला माहीत नाही, तुला असेल.

कुरडया पाठव.

वर्षा

---

लोहा, २३ मे

चि. वर्षाराणी,

अख्तरीनं आज गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून परत पाठवलं. पत्र मोठं आहे. काल सुनावणी झाली.

आधी दोरांचं. फारूक तीन दिवस गावात होता. एकेका विहिरीचा दोर सोडवून वर घेत होता अन् पोरं काठावर उभी राहून बोंबलत होती. दोर वरून पांढरा, मधे काळा, खाली हिरवागार. हात लावला की मासोळीसारखा निसटतो. पण साहेबरावाच्या पिसाट विहिरीचा दोर आला तो खालपर्यंत काळा, वाळलेला. सटवाईचाही तसाच. दोघी खरंच आटल्या आहेत. साहेबराव म्हणाला, "काकू, गोडीचं थोडं शेवाळ हिला चोळतो, कोणाला कळतंय?" मी त्याला म्हटलं, चोळ, अन् मग तूच बोल, मी घरी बसते. दोर त्यानं पोत्यात टाकला, पण तोंड पाडून.

किशनरावानं त्याच्या नवीचा दोर दिला नाही. म्हणजे अकरा विहिरी, दहा दोर.

टेम्पोनं नांदेडला गेलो. हापिसच्या फाटकावर पोलीस म्हणतो, "दोर कशाला आणले? साहेबांना बांधायचा विचार आहे का?" मी म्हटलं, पळणार असतील तर बांधू, बसून ऐकणार असतील तर गरज नाही. तो हसला, तेवढ्यात भुजंगनं पोती आत नेली.

मोठा हॉल. वर मोठे साहेब, बाजूला प्रदूषण मंडळाचे लोक, समोर कंपनीवाले. किशनराव पहिल्या रांगेत, कडक टोपीत. कंपनीचा एक इंजिनेर भिंतीवर रंगीत चित्रं पाडून सांगत होता. राज्याला किती वीज कमी पडते, आपल्या कारखान्यानं किती गावं उजळतील, वगैरे. चांगलं बोलत होता, मला आवडलं. अन् बरोबर तेव्हाच लाईट गेली. भिंत कोरी, पंखे बंद, इंजिनेर अंधारात काठी धरून उभा. हॉलमधी असं हसू फुटलं की साहेबांनाही आवरेना. कोणीतरी मागून म्हटलं, "मंजूर करा साहेब, लवकर." खिडक्या उघडल्या अन् पुढचं सगळं खिडकीच्या उजेडात झालं.

एक पुढारी उठला, म्हणाला प्रकल्पच नको. दुसरा म्हणाला प्रकल्प पाहिजेच. दोघं एकमेकांवर अर्धा तास तुटून पडले. त्यातल्या कोणालाच बोरजाई कुठं आहे हे माहीत नव्हतं. मग माझं नाव पुकारलं.

मी म्हटलं, साहेब, तुमच्या पुस्तकात मागं परिशिष्ट चार आहे, त्यात पहिलं नाव माझं. ते मी खोटं सांगितलं होतं.

 साहेबांनी पानं उलटली. म्हणाले, "आजी, खोटं का सांगितलं?" मी सांगितलं, टँकरसाठी. आम्हाला वाटलं टंचाईवाला आहे. कागदवाला दिसला की रडायचं अशी आम्हाला सवय आहे, अन् सवय लावण्यात तुमच्या कागदांचाही थोडा हात आहे. पाणी आहे म्हणणाऱ्याला कोणी काही देत नाही.

कंपनीचा वकील उठला. बरोबर तेच बोलला जे आपले लोक बोलले होते. "या बाई वर्षापूर्वी एक बोलतात, आज दुसरं. यांचं कोणतं खरं मानायचं?" मी म्हटलं, माझं कोणतंच मानू नका. दोर बघा.

भुजंग अन् साहेबरावानं दहाही दोर साहेबांच्या टेबलापुढं फरशीवर पसरले. हॉलभर शेवाळाचा वास. तू लिहिलं तसं मी सांगितलं, हिरवं म्हणजे आजचं पाणी, काळं म्हणजे हिवाळ्याचं. विहिरीत पाणी एका दिवसात ओतता येईल, शेवाळ ओतता येत नाही. मंडळाच्या एका बाईनं खाली बसून बोटानं खरवडून बघितलं अन् साहेबांकडं बघून मान हलवली. वकील म्हणाला, दोर कुठलेही असू शकतात. तेव्हा फारूक उठला. "साहेब, तीस वर्षं त्या शिवारात मोटारी बसवतो. ही गाठ माझी हाय, दुसरा कोणी अशी मारत न्हाई. उद्या कोणालाही पाठवा, कोणता दोर कोणत्या विहिरीचा ते मी रस्त्यावरून सांगतो."

साहेब खुर्चीवरून उठून खाली आले. एकेक दोर बघत गेले. शेवटच्या दोघांपाशी थांबले. "हे दोन तर कोरडे आहेत." मी म्हटलं, हाव, त्या विहिरी आटल्यात. "मग हे कशाला आणले? हे तर तुमच्या विरोधात जातात." मी म्हटलं, आटल्यात म्हणून आणले. गेल्या खेपेला आम्ही अकराही आटल्या म्हटलं. आता अकराही भरल्या म्हटलं असतं तर तुम्ही काय धरलं असतं?

साहेबांनी वाकून पुन्हा मोजले. दोर हातात धरून उभे राहिले. मग विचारलं, "पण हे दहाच आहेत. अकरावा?"

मी म्हटलं, तो माझ्या हातात नाही. त्याचा धनी पहिल्या रांगेत बसलाय.

सगळा हॉल किशनरावाकडं बघू लागला. तो टोपी काढून पुन्हा घालून राहिला. मला वाटलं खाली बघेल अन् बसून राहील. पण तो उठला. म्हणाला, "साहेब, मी बोरजाईचा सरपंच. माझ्या विहिरीला आज सात हात पाणी हाय. टँकरच्या अर्जावर सही मीच केली होती." अन् मग आवाज चढवून म्हणाला, "माझा दोर मी आणला न्हाई, ती चूक. बाकी काकू बोलली ते खरं."

टाळ्या कोणी सुरू केल्या माहीत नाही. मागच्या रांगेतल्या दुसऱ्या गावच्या लोकांनी केल्या असतील, आपले लोक तर त्याच्याकडं बघत राहिले होते.

शेवटी साहेबांनी विचारलं, "आजी, मग वीज नको का?" मी म्हटलं, पाहिजे. माझी नात लातुरात जनरेटरच्या आवाजात शिकते. पण आम्ही पण चूल पेटवतो, आमची पण राख होते, ती कोणी पाण्याच्या रांजणात टाकत नाही. टेकडीपलीकडं खडीची जुनी खदान आहे. खाली अख्खा कातळ, पावसाळ्यातलं पाणी सुद्धा तिथं मुरत नाही, दिवाळीपर्यंत म्हशी पोहतात. बघून या. साहेबांनी ते लिहून घेतलं, पुन्हा पाहणी होईस्तोवर पान ४१ धरायचं नाही असं सगळ्यांसमोर सांगितलं. इंजिनेर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आजी, खदान आम्हाला कोणी दाखवलीच नाही." म्हटलं, तुम्ही पाणी विचारलं होतं, खदान कुठं विचारली होती?

येताना किशनराव आपल्याच टेम्पोत मागं बसला, दोरांच्या पोत्यावर.  अर्धी वाट गेल्यावर साहेबरावानं त्याला तंबाखू दिली.

तुझी आजी
नीलाबाई

---

लातूर, ३१ मे

ती. आजी,

बातमी इथल्या पेपरात आली. आमच्या सरांनी ती क्लासमध्ये वाचून दाखवली, चारशे मुलांसमोर. "लोहा तालुक्यातील एका वृद्धेने" असं लिहिलंय. मी हात वर केला आणि म्हटलं, सर, ती माझी आजी. सगळी मुलं वळली. एवढं लक्ष मला पहिला नंबर आला तेव्हाही कोणी दिलं नव्हतं.

मग सरांनी विचारलं, "आता तू सांग, वीज हवी की विहीर?" मी म्हटलं, सर, प्रश्नच चुकीचा छापलाय. ते म्हणाले, "अशा प्रश्नाला बोर्ड पूर्ण मार्क देतं."

मी अजूनही प्रकल्पाच्या बाजूनं आहे. पण पान ४१ पर्यंत न वाचता कशाच्याही बाजूनं जायचं नाही, असं ठरवलंय. मागच्या पत्रात मी शिवी दिली नव्हती, पण त्याआधीच्या पत्रात दिल्यासारखंच होतं. ते विसर.

कुरडया उजमानं अर्ध्या संपवल्या. आणखी पाठव.

तुझी
वर्षा

---

लोहा, २० फेब्रुवारी २००१

चि. वर्षाराणी,

तुझी परीक्षा तोंडावर आहे म्हणून चार महिने लिहिलं नव्हतं. आता राहवेना.

नवीन पुस्तक आलं. मंजुरीचं. पावसाळ्याआधी ते लोक पुन्हा येऊन विहिरीत फूटपट्टीची दोरी सोडून गेले होते, हे तुला तेव्हाच कळवलं होतं, एक सांगायचं राहिलं. तेव्हा आपल्या लोकांना दुसरंच वेड लागलं होतं. साहेबराव म्हणे माझ्या तीन विहिरी लिहा. एकानं तर घरामागचा खड्डा दाखवला. मी काठी घेऊन मागं फिरत होते म्हणून अकराच लिहिल्या गेल्या.

किशनरावानं ते पुस्तक चावडीत उभं राहून वाचलं. राखेचं तळं खदानीत, त्याला खालून अन् कडेनं अस्तर, अन् दर सहा महिन्याला आपल्या विहिरींचं पाणी तपासायचं. कवठीच्या ओढ्याचा पट्टा वगळला. नकाशावर अकराही विहिरी आहेत, नावासकट. पिसाट सुद्धा छापलंय. "नऊ बारमाही, दोन हंगामी." एवढं वाचून किशनराव थांबला, पाणी प्याला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. बाया ऐकून राहिल्या होत्या. नवीचं नाव आलं की तो मुद्दाम हळू वाचायचा. त्या दिवशी गावात पुरणाचा वास होता, सण काही नव्हता.

टँकर बंद झाला. उन्हाळ्यात दोन कोरड्या विहिरींच्या रानांना बाकीच्या नऊ विहिरींतून पाणी द्यायचं असं ठरलंय. भांडणं होतील. होऊ देत, पाण्यावरून होतील, राखेवरून नाही.

आता मजा ऐक. परवा देगलूरकडून जीप आली. तिघं जण. धोतरं चांगली, चेहरे सुकलेले. त्यांच्या रानांतून विजेच्या मोठ्या मनोऱ्यांची लाईन जाणार आहे, त्यांची पण सुनावणी आहे. त्यांच्यातला मोठा, मल्लिकार्जुन नावाचा, मला कानडीत अव्वा, म्हणजे माय, म्हणून हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "अव्वा, तुमी जिंकले म्हणून ऐकलं. आमाला पण सांगा. आमी काय आणायचं? दोर आणायचे का?"

मी म्हटलं, ते नंतर. आधी सांगा, पाहणीवाला आला तेव्हा तुम्ही त्याला खोटं काय सांगितलं होतं?

तिघांनी एकमेकांकडं बघितलं.  मग मल्लिकार्जुनानं पायातल्या चपला काढल्या, ओट्यावर नीट मांडी घातली अन् म्हणाला, "लांब हाय, अव्वा."

मी तारामतीला चहा ठेवायला सांगितला.

नीलाबाई